मंगळवारची लहान तुकडी

मलकापूर,
रविवार

प्रिय स्वानंदी,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. ते क्रांतीचं, माझ्या धाकट्या बहिणीचं. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न उघडताच पोस्टमनला परत दिलं असतंस, एवढं मी तुला ओळखतो. फोन करावा तर माझा नंबर तू ब्लॉक केलायस. क्रांतीचा फोन मागितला तर ती म्हणाली, "दादा, पत्ता पायजे तर लिहून देते, फोन देणार न्हाई. तू दोन मिन्टात भांडशील." तेव्हा आता उघडलंच आहेस तर वाच. फाडायचंच असेल तर निदान लग्नाची हकिगत वाचून मग फाड. माझं लग्न नव्हे, घाबरू नकोस.

मी काय करतो हे तुला कुणी ना कुणी सांगितलं असेलच. गेली दोन वर्षं मी नाथाजी मास्तरांच्या बँडात क्लॅरनेट वाजवतो. लग्नाचा बँड. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी. हसत असशील तर हस, इथे सगळ्यांचं हसून झालंय. आमची आत्या तर चुलतभावाच्या हळदीत, भर पंगतीत म्हणाली, "काय रं वीरू, तुझ्या लग्नात कोण वाजवायचं मग? तूच व्हय?" मी जेवणावरून उठलो. पूर्वी ताट लाथाडून गेलो असतो, आता ताट उचलून ठेवून गेलो. एवढी सुधारणा आहे.

तुला मी माझं लहानपण कधी नीट सांगितलंच नाही. भेटलो की मी चाल ऐकवायचो, तू तिच्यात खोड काढायचीस आणि मग आपण भांडायचो, यातच वेळ संपायचा. आमच्या विहिरीवर पाण्याची मोटर आहे. ती सुरू झाली की एकच सूर धरून बसते. मी अगदी लहान होतो तेव्हापासून, आबा पलटणीतून रजेवर आले की त्यांच्याबरोबर उसाला पाणी द्यायला जायचो, आणि बांधावर बसून त्या सुरात सूर मिसळायचो. व्होल्टेज उतरलं की मोटरीचा सूर खाली यायचा, मीही तिच्याबरोबर खाली. व्होल्टेज चढलं की पुन्हा दोघंही वर. आबा पलीकडच्या सरीतून ओरडायचे, "आरं दारं मोड की! पाणी चाललं वढ्याला, आनि हे बसलंय गात!" माझा पहिला गुरू विचारशील तर ती मोटर. आणि दुसरी, आमच्या देवळातल्या भजनी मंडळाची पेटी. दुपारी देऊळ रिकामं असलं की मी तिच्यावर बोटं फिरवायचो. तिच्यातली मध्यमाची पट्टी मेलेली होती. दाबली की नुसता वारा यायचा. त्यामुळे माझ्या पहिल्या सगळ्या चाली मध्यमाशिवायच्या झाल्या. चौथीत असताना मी सतराच्या पाढ्याला चाल लावली होती, तीही तशीच. आमच्या वर्गातली पोरं आज कुणी पलटणीत आहेत, कुणी साखर कारखान्यावर. पण सतरा सक किती म्हणून विचारलं तर अजून आधी गुणगुणतात आणि मग उत्तर देतात.

आता आठवेल तुला. गॅदरिंगच्या तालमीत मी पेटी घेऊन बसलो होतो आणि तू खिडकीपाशी कागदातलं भडंग खात उभी होतीस. शेवटचा फक्का मारून, हात झटकून तू माझ्यापाशी आलीस आणि ओळख ना पाळख, एकदम म्हणालीस, "तुझ्या तिन्ही गाण्यांत मध्यम कसा नाही?" मी ऐटीत सांगितलं होतं, मला तो सूर आवडत नाही. खरं कारण ती मेलेली पट्टी. तोवर मलाही ते कळलं नव्हतं. तू विचारलंस त्या रात्री खोलीवर पडल्या पडल्या कळलं, आणि तुला सांगायची लाज वाटली. गावाकडच्या पेटीतली एक पट्टी बिघडली म्हणून माणसाला एक सूरच माहीत नाही, हे सांगलीतल्या गाण्याच्या घरातल्या मुलीला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी मी नुसत्या मध्यमाभोवती फिरणारी एक चाल करून आणली. तू ती गायलीस. इलेक्ट्रिकलच्या इमारतीचा तो मागचा जिना, तिथला घुमारा चांगला म्हणून आपण तिथेच बसायचो. तू दोन पायऱ्या वर आणि मी खाली. तू एकच ओळ परत परत गायचीस, आणि चारदा गाऊन झाली की ओळीत कुठे लंगडं आहे ते माझं मलाच दिसायचं. तू काही बोलायचीसही नाहीस. त्या जिन्यात मी जेवढ्या चाली केल्या तेवढ्या नंतर केल्या नाहीत. त्या कुणासाठी केल्या हे तुला तेव्हाही माहीत होतं, आता कशाला लिहू.

कॉलेज सोडल्याबद्दल मात्र मी नमतं घेणार नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, ट्रान्सफॉर्मर का गुणगुणतो? मी म्हटलं, पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध गुणगुणतो सर, आणि मग त्याचं कारणही सांगायला लागलो. कारण मला येत होतं. त्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही. शेजारच्या सरांकडे बघून हसले आणि म्हणाले, "मग इथे कशाला आलात? गाणीच म्हणा." मी म्हटलं, बरं. उठलो, बाहेर आलो, ओळखपत्र शिपायाच्या टेबलावर ठेवलं आणि तडक गावभागात तुमच्या घरी आलो. मला वाटलं होतं तू म्हणशील, शाब्बास.

तुमच्याकडे तुझ्या आईचा गाण्याचा क्लास नुकताच सुटला होता. शरयूकाकू पेटी पुसत होत्या. मी पराक्रम सांगितला आणि वर नवीन चाल ऐकवली. रिक्षात सुचलेली. काकूंनी सगळी ऐकली. पुसायचं फडकं तसंच हातात धरून, शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाल्या, "चाल गोड आहे रे. पण पहिल्याच ओळीत तू वरच्या षड्जावर जाऊन उभा राहतोस. एकदा गच्चीवर चढून बसल्यावर पुढच्या ओळींनी जायचं कुठं?" मी चिडलो. गाणं आतून येतं, ते मोजून मापून येत नाही, असं काहीतरी मोठ्यानं बोललो. काकू पुन्हा पेटी पुसायला लागल्या. तू गप्प राहिली नाहीस. तू म्हणालीस, "वीरधवल, तुला गाणं शिकायचंच नाहीये. तुला नुसतं करायचंय." झालं. मी पायात चपला सरकवल्या आणि निघालो. कराडच्या स्टँडवर उतरल्यावर लक्षात आलं की पायांत तुझ्या बाबांच्या, चिंतामणकाकांच्या चपला आहेत, एक नंबर मोठ्या. पुढच्या आठवड्यात मी त्या एस.टी. पार्सलनं पाठवल्या. सोबत चिठ्ठी नव्हती. चिठ्ठीत काय लिहायचं तेच सुचेना.

घरी जे व्हायचं ते झालं. आबा पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, तुला माहीत आहे. त्यांनी आरडाओरडा केला नाही. मला सकाळी पाचला उठवून उसात पाठवायला लागले. पाल्यानं हात इतके कापून निघाले, की बोटं पेटीवर चालेनात. नाथाजी मास्तरांची गाठ त्याच दिवसांत पडली. आमच्या आळीतल्या वरातीत मी त्यांच्या मागे मागे वेशीपर्यंत चालत गेलो होतो. ते मूळचे औंधचे. मिशीला रोज तूप लावणारे आणि आपल्याइतकं क्लॅरनेट साताऱ्यात कुणी वाजवत नाही असं स्वतःच सांगणारे. मी म्हटलं, मास्तर, मला शिकायचंय. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "कुनाचं रं तू? सुभेदाराचं? नगं बाबा. तुझा बा बंदूक घिऊन यील."

बंदूक कसली, आबा स्वतः आले. मास्तरांच्या दारात उभे राहून माझ्यावर ओरडले, "पलटनीत बँड हुता. न्हाई कोन म्हनतं? पन तितं वाजवनाऱ्याला रँक असती. तुझी रँक काय?" मास्तर आतून म्हणाले, "सुभेदार, सध्या खुळखुळा!" आणि खरंच, पहिले सहा-सात महिने त्यांनी मला खुळखुळाच दिला. क्लॅरनेट वरातीत नाही, फक्त तालमीत. आणि तिथेही आधी क्लॅरनेट नव्हेच, पाण्याचा ग्लास आणि एक नळी. नळीतून फुंकायचं, ग्लासातले बुडबुडे थांबता कामा नयेत. तोंडातला वारा गालात साठवायचा, तो सोडता सोडता नाकानं श्वास घ्यायचा. आमच्या पोरांना ते चेष्टेचं वाटायचं. मला यायचंच नाही. बुडबुडे थांबले की मी नळी फेकून द्यायचो, मास्तर ती उचलून, धोतराला पुसून परत माझ्या हातात द्यायचे. मी वाजवायला लागलो तेव्हा मधे मधे माझ्या हरकती घालायचो. ते भर रस्त्यात, ढोलाच्या वरून ओरडायचे, "बाळा, नवरदेव घोड्यावर हाय, तुझ्या हरकतीवर न्हाय!"

त्यांना सारेगम येत नाही. ते लपवतही नाहीत. "मला गानी येत्यात, त्यांची नावं न्हाई येत," म्हणतात. शेकडो गाणी त्यांच्या बोटांत आहेत, पण कुठलंही मधून सुरू करता येत नाही, सुरुवातीपासूनच वाजवावं लागतं. मी त्यांना स्वरलिपी दाखवली. ते चष्मा लावून बघत बसले आणि मग म्हणाले की हे म्हणजे जेवणाचा फोटो झाला. पण आठवडाभरानं त्यांनीच मला एक जुनं गाणं लिहून मागितलं, कारण मधलं कडवं विसरायला लागलं होतं. असं आमचं चालतं. ते मला फुंकायला शिकवतात, मी त्यांना लिहायला.

आबांचं सांगायचं राहिलं. मागच्या वैशाखात इथे मलकापुरातच एक वरात होती. मी पुढे, पहिल्यांदाच क्लॅरनेट घेऊन. चौकात वळताना बघतो तर उभ्या ट्रॅक्टरच्या मागे आबा. त्यांना वाटलं मला दिसले नाहीत. वरात गेली, आम्ही सामान टेम्पोत भरत होतो तेव्हा ते आले. आता बोलणार म्हणून मी तयारीतच होतो, चार उत्तरं जुळवूनही ठेवली होती. त्यांनी माझ्या कोटाकडे बघितलं आणि म्हणाले, "वरचं बटन लाव. युनिफॉर्म हाय त्यो." एवढं बोलून गेले. दुसऱ्या दिवशी पाचला मला उठवलं नाही. आईनं सांगितलं, "आज त्यानी गेल्यात पानी पाजायला. तुला झोपू दे म्हनाले."

आणि मी चाली करायच्या सोडल्या नाहीत, बरं का. बँडात सगळं पिक्चरचं वाजवायचं असतं, पण पाठवणीला मास्तरांनी माझी एक चाल घेतली. नवरीला गाडीत बसवताना जे वाजतं ते. सात-आठ वेळा त्यांनी ती नाकारली. दर वेळी एकच, "लय वर चढलीस रं, मानसं रडाय लागायच्या आदीच तू रडतुयास." शेवटी एकदा हो म्हणाले. पुसेसावळीच्या बाजूला एका लग्नात आम्ही ती वाजवली. नवरीचा मामा डोळे पुसत मास्तरांपाशी आला आणि विचारतो, "लय भारी. कुठल्या पिच्चरचं हो?" मास्तर मिशी पिळत म्हणाले, "नवीन हाय. आजून लागला न्हाई." त्या दिवशी मी तुला फोन लावला होता. तेव्हाच कळलं, ब्लॉक.

आता ती लग्नाची गोष्ट. गेल्या महिन्यात सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका कार्यालयात आमची सुपारी होती. नवरी कोण हे आम्हाला माहीत नसतं, आम्ही फक्त मुहूर्त विचारतो. नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन आला, आम्ही त्याला दारापर्यंत वाजवत आणलं, आणि मग अक्षतांची वाट बघत मांडवाच्या तोंडाशी उभे राहिलो. मास्तरांचा गुडघा धरला होता. ते पायरीवर चहा घेत बसले आणि मला म्हणाले, "आज तू हात वर करायचा. शेवटचं 'तदेव लग्नं' हुईल, भटजी सावधान म्हनतील, तवाच. त्येच्या आदी जगबुडी झाली तरी न्हाई." मी म्हटलं, मास्तर, एवढं कळतं मला. तर आतून माइकवर मंगलाष्टकं सुरू झाली, आणि पहिल्या अक्षराला मला कळलं, शरयूकाकू. नवरी त्यांची जुनी विद्यार्थिनी रेश्मा होती. ती बुटकी, खूप हसणारी, तुझ्या शेजारी बसायची ती. मी मान लांब करून बघितलं, तू कुठे दिसली नाहीस. मुलाखतीला पुण्याला गेली होतीस असं नंतर कळलं.

काकू नेहमीसारखं म्हणत नव्हत्या. प्रत्येक मंगलाष्टक त्या थोडं थोडं वर नेत होत्या. पहिलं अगदी खालच्या अंगानं. दुसरं जरा पुढे. लोक बोलायचे थांबले, पोरंसुद्धा. माझी बोटं क्लॅरनेटवर आपोआप त्यांच्या मागून फिरत होती, आवाज न करता. आणि मग एका ओळीत, मधेच, त्या वरच्या षड्जावर पोचल्या आणि थांबल्या. सगळं कार्यालय गप्प. अजून दोन मंगलाष्टकं बाकी होती, मला माहीत होतं. मोजणीत काही चुकलं नाही माझं. ती शांतताच मला सोसली नाही. मी क्लॅरनेट तोंडाला लावलं आणि तोच सूर जोरात फुंकला.

आमच्या पोरांना काय, मी हात वर करीन नाहीतर फुंकीन, त्यांना इशारा मिळाला. ढोल, ताशा, ट्रंपेट, सगळं एकदम सुटलं. बँड वाजला म्हणजे लग्न लागलं, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतं. साऱ्या अक्षता एकदम उडाल्या. दोघा मामांनी अंतरपाट खाली सोडला. नवरदेवानं घाईघाईनं हार घातला. कुणीतरी फटाक्यांची माळ पेटवली, आणि मागचे निम्मे लोक जेवणाच्या हॉलकडे पळाले. भटजी माइकसाठी हात पुढे करून ओरडताहेत, "थांबा! मुहूर्त व्हायचाय! अहो, लग्न लागलं नाही अजून!" मास्तर चहाचा कप हातात घेऊन लंगडत धावत आले. मी डाव्या हातानं पोरांना थांबा थांबा करतोय, ती एकेक करून थांबली, पण माझंच तोंड क्लॅरनेटवरून सुटेना. भीतीनं म्हण, काही म्हण. सूर सोडला तर सगळी माणसं माझ्याकडे बघतील असं वाटत होतं. सगळं थांबलं तरी माझा एकटा तो सूर चालूच.

आणि तुझ्या आईनं काय केलं? भटजींना माइक दिला नाही. माझ्याकडे वळल्या. ओळखलं की नाही कळलं नाही, पण तळहात खाली करून, असाच धर, असा इशारा केला. आणि माझाच सूर घेऊन त्यातून त्या हळूच खाली उतरल्या आणि राहिलेलं मंगलाष्टक पुढे म्हणायला लागल्या. सावकाश. घाई कसली ती नाही. मामांनी अंतरपाट परत वर धरला, नवरदेवाचा हार परत काढून घेतला. हॉलकडे गेलेले लोक परत यायला लागले, एकाच्या हातात तर अर्धा लाडू होता. मला फक्त तो एक सूर सांभाळायचा होता. त्यात काही घालायचं नाही, पुढे जायचं नाही, वर चढायचं नाही. ग्लासातले बुडबुडे आठवत मी गालात वारा साठवत राहिलो. दोनदा तुटला. काकू तुटलेल्या जागी थांबल्या, मी परत धरेपर्यंत. शेवटी 'तदेव लग्नं' आलं, भटजींनी सावधान म्हटलं, आणि मी हात वर करायचा विसरलो. मास्तरांनीच केला. गंमत म्हणजे लोक चिडले नाहीत. नवरदेवाचे मित्र त्याला म्हणत होते, "तुला दोनदा लावलं लेका, आता सुटत न्हाईस!" रेश्मा तर हसून हसून रडत होती.

मास्तर तेवढे चिडले. मला पुन्हा खुळखुळ्यावर नेऊन ठेवलंय, अजून तिथेच आहे. मी बँड सोडून आलो नाही, हे मात्र तुला सांगतो. वरातभर खुळखुळा हलवत चाललो आणि डोक्यात ती उतरण घोळवत राहिलो, काकू वरून खाली कशा आल्या ती. मला सगळं आयुष्य वर कसं जायचं तेवढंच माहीत. त्या उतरल्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि इतके दिवस गाणं केलं पण हे आपल्याला कुणी विचारलं तर करून दाखवता येणार नाही, हे कळून मला राग आला नाही, आनंद झाला. पेटीवर पहिल्यांदा दोन सूर जुळले तेव्हा झाला होता तसा. अजून इतकं शिल्लक आहे म्हणून.

आता हे पत्र का, ते लिहितो. बँडवाल्यांची पंगत शेवटी बसते. आम्ही मागच्या अंगणात जेवत होतो तिथे काकू आल्या. मी उठायला लागलो तर म्हणाल्या, "बस, जेव. कोट छान दिसतोय तुला." मी हातातला घास पानात ठेवला. विचारलं, काकू, मला शिकवाल?  त्या म्हणाल्या, "मोठ्यांच्या तुकडीत घेणार नाही. मंगळवारी संध्याकाळी दुसरी-तिसरीतली मुलं येतात, त्यांच्यात मांडी घालून बसायचं, ती म्हणतात तेच म्हणायचं. आणि क्लास माझा असला तरी घर स्वानंदीचंही आहे. मंगळवारी ती घरी असते. आधी तिला विचार. ती नको म्हणाली तर मी तिची समजूत घालणार नाही." म्हणून विचारतोय. तू नको म्हणालीस तर मी मिरजेत दुसरं कुणीतरी शोधीन, शिकायचं काही सोडणार नाही. तेवढ्यासाठी हो म्हणू नकोस. पण मला त्या खोलीत बसून शिकायचंय. उत्तर मला द्यायची गरज नाही, काकूंना सांग, त्या मास्तरांना फोन करतील. हो म्हणालीस तर मी त्या पोरांच्या मागे, आतल्या दाराकडे पाठ करून बसेन. तू पाणी प्यायला येशील, दिवा लावशील, फोनवर बोलत जाशील-येशील, मी मान वळवणार नाही. तुझ्या होकाराचा मी दुसरा काही अर्थ काढणार नाही. आणि काढलाच, तर तुला कळू देणार नाही.

तुझाच,
आणि हो म्हणालीस तर दर मंगळवारी तासभर काकूंचा,
वीरधवल